हुरवीवरचा आळ

ओल्हमच्या खोऱ्यात जनावर हरवलं की घरधन्याने गावकुंपणाच्या दारात उभं राहून तीनपैकी एक शब्द द्यायचा असतो. दिलं, नेलं किंवा गेलं. चौथा शब्द नाही. एकदा दिलेला शब्द फिरवायचा तर सगळ्या गावासमोर पुन्हा उभं राहावं लागतं, म्हणून तो सहसा कुणी फिरवत नाही.

'दिलं' म्हणजे गुहेत राहणाऱ्या हुरवीचा, त्या मोठ्या शिकारी जनावराचा, वाटा तिला पोचला, विषय संपला. बहुतेक माणसं हाच शब्द देतात. हुरवी डोंगरात बिळं करणारे खुदरे खाते, आणि खुदरे मोकाट सुटले तर डोंगर आतून पोखरून घरांवर आणून ठेवतात. पणज्यांच्या पिढीने एकदा सगळ्या हुरव्या मारून पाहिल्या होत्या. पुढच्या दोन पावसाळ्यांत निम्मं गाव खाली नदीत गेलं. तेव्हापासून एखादा लोरा गेला तर ओल्हमची माणसं हळहळतात, त्याच्या लोकरीचं आणि दुधाचं चार वेळा कौतुक करतात, आणि दिलं म्हणून मोकळी होतात.

'नेलं' म्हणजे मात्र वैर. नेलं म्हटलं की शिकार करावीच लागते. ज्या घराने शब्द दिला त्या घरातलं कर्तं माणूस आखूड भाला घेऊन, पोटावर सरपटत गुहेत आधी शिरतं. बाकीचं गाव बाहेर जाळी धरून उभं. ज्याने शब्द दिला त्याने स्वतः आत जायचं नसतं, कारण रागावलेला हात थरथरतो.

आणि 'गेलं' म्हणजे आपल्या पायाने गेलं. दोर सैल होता, कुंपण कच्चं होतं, धनी घोरत होता. याला शिक्षा काही नाही. फक्त पुढचा सबंध हिवाळा गाव त्या घराची टिंगल करतं, आणि ओल्हमचा हिवाळा संपता संपत नाही.

माणसासाठी शब्द द्यायची वेळ क्वचित येते. सिहानेवर ती आली, आणि तिने आपल्या नवऱ्यासाठी 'नेला' हा शब्द दिला. तो खोटा होता. आता त्या खोट्यापायी तिचा दीर तेमो हुरवीच्या गुहेत शिरणार होता.

झालं होतं ते असं. तिचा नवरा बोरूल वरच्या कुरणात लोरे घेऊन गेला होता. ठरल्या दिवशी लोरे परत आले, बोरूल आला नाही. लोरे आपले रांगेने, मान हलवत येऊन कुंपणाशी उभे राहिले. मालक बरोबर नाही याचं त्यांना काही नव्हतं. सिहाने एकटीच वर गेली. कुरणातल्या झोपडीत चूल नीट विझवलेली होती. घोंगडी नव्हती. वाळवलेल्या दह्याच्या वड्यांची पिशवी नव्हती. आणि दाराशी बोरूलचे जुने जोडे शेजारी शेजारी लावून ठेवलेले होते. नवे जोडे त्याने लोऱ्यांच्या कातरणीनंतर स्वतः शिवले होते, पण 'चावतात' म्हणून आजवर घातले नव्हते.

हुरवीने ओढून नेलेला माणूस आधी जोडे बदलत नाही. हे कळायला सिहानेला कुण्या शहाण्याची गरज नव्हती. मीठवाली माणसं नुकतीच खिंड ओलांडून परत गेली होती, हा त्यांच्यामागे गेला असणार. 'हे खोरं म्हणजे झाकण लावलेलं मडकं आहे,' असं तो लग्न झाल्यापासून म्हणत आला होता. ती म्हणायची, 'मडक्यातच शिजतं सगळं.' मग तो हसायचा. नवरा हसला की बाईला वाटतं, मिटलं.

ती झोपडीच्या उंबऱ्यावर बसली. रडू आलं नाही. आधी लाज वाटली, मग राग आला, मग पुन्हा लाज. शेवटी तिने ते जुने जोडे उचलले, वाटेवरच्या उकळत्या कुंडात टाकले आणि गावात उतरली.

कुंपणाशी सगळं गाव जमलं होतं. शब्द विचारायचा मान ओदव म्हाताऱ्याचा. तो काठीवर दोन्ही हात ठेवून उभा होता, आणि त्याच्या शेजारी गुम्का. गुम्का म्हणजे सिहानेची शेजारीण, आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं ते नव्हतंच. आदल्या हिवाळ्यात सिहानेची एक दुभती लोरी दोर तोडून निघून गेली होती आणि सिहानेने प्रामाणिकपणे 'गेली' असा शब्द दिला होता. तेव्हापासून गुम्का रोज सकाळी कुंपणावरून विचारायची, "काय गं, आज घरातली सगळी आहेत ना जागेवर? मोजलीस का?" पाणवठ्यावरच्या बायका पोट धरून हसायच्या. पाच-सहा वर्षांची पोरंसुद्धा विचारायला लागली होती.

"कोणता शब्द, बाई?" ओदवने विचारलं.

सिहानेला 'गेला' म्हणायचं होतं. हे तिच्या बाजूने सांगितलंच पाहिजे, की तोंड उघडेपर्यंत तिला तेच म्हणायचं होतं. पण गुम्का मान तिरकी करून तिच्याकडे बघत होती. लोरी गेली तर एक हिवाळा हसले. नवरा गेला म्हटल्यावर काय जन्मभर हसतील? 'दिला' म्हणावं, तर जिवंत माणूस आपल्या हाताने जनावराला घातल्यासारखं होतं. गाव म्हणालं असतं, नांदायचं नव्हतं म्हणून दिला.

"नेला," ती म्हणाली.

गुम्कानेच पहिला हंबरडा फोडला. धावत येऊन सिहानेच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "अगं माझ्या बाई, काय चांगला माणूस होता गं!" बोरूल गावात होता तोवर ती त्याला 'कोरडा ढग' म्हणायची. बायका रडल्या, पुरुषांनी माना खाली घातल्या. सिहाने मधोमध ताठ उभी होती. दुःखाने दगड झाली बिचारी, असं लोकांना वाटलं.

तेमो नुकताच कुठून तरी येऊन मागे उभा राहिला होता. बोरूलचा धाकटा भाऊ. घरातच राहायचा, लग्न केलेलं नव्हतं, बोलायचा कमी. त्याने सिहानेकडे एकदा नीट पाहिलं. मग म्हणाला, "बरं." आणि भाला शोधायला घरात गेला.

शब्द खरा होता की खोटा, हे एकट्या सिहानेला माहीत होतं. निदान तिची तशी समजूत होती. पण शब्दाचे परिणाम आपल्या पायांनी चालायला लागले. बापाला हुरवीने नेलं तर शिकार होईपर्यंत लेकराने मुकं राहायचं, ही ओल्हमची चाल. सिहानेची लेक निव्ही आठ वर्षांची, तोंड उघडलं की नदीच्या खळखळाटासारखी वाहणारी. तिच्या ओठांवर राख लावली आणि ती गप्प झाली. पोरगी इतकी गुणाची, की झोपेतसुद्धा बोलू नये म्हणून तोंडावर हात धरून झोपायची. सिहानेला ते बघवेना. ती कूस बदलायची आणि ठरवायची, उद्या सांगते. उद्या उजाडला की म्हणायची, गुहा तर अजून सापडली नाही.

गुहा सापडली. काळ्या सुळक्याखाली, आणि आत एकटी हुरवी नाही, पिल्लं झालेली हुरवी. शोधायला गेलेले दोघे बातमी सांगतानासुद्धा तेमोकडे बघेनात. गुम्काच्या सासऱ्याने जुन्या काळी अशीच पिल्लांची हुरवी मारायला आत पाऊल टाकलं होतं. "आमच्या सासऱ्यांना बाहेर काढलं ना, तेव्हा कमरेपासून वरचेच निघाले," असं गुम्का सांगायची, आणि हसू नये म्हणून ओठ चावायची, कारण सासरा तिला कधीच आवडला नव्हता.

सिहाने त्या संध्याकाळी अंगणात गेली. तेमो भाल्याचं टोक दगडावर घासत बसला होता.

"भावजी, पाय दुखतोय म्हणा की."

"कुणाचा?"

"तुमचा!"

"दुखत नाही तो."

"अहो, म्हणायला काय जातं? पाय मुरगळलेल्या माणसाला आत घालत नाहीत. शिकार पुढच्या उन्हाळ्यावर जाईल. तोवर पिल्लं मोठी होऊन निघून जातील, तीही जाईल."

"वहिनी," तेमो टोकावरून बोट फिरवत म्हणाला, "तुम्ही गावासमोर शब्द दिलाय. आता माझ्या पायाला कोण विचारतं?"

ती उभी राहिली. आत्ता सांगावं, असं तिला वाटलं. मग कुंपणापलीकडे गुम्काचं भांडं वाजलं, आणि तिने पदराचं टोक दातात धरलं आणि घरात गेली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत. पण चावणार होतं ते तिला नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

शिकार दुपारी करतात, कारण दुपारी हुरवी पिल्लांना पाजत पडलेली असते आणि सुस्त असते. सकाळी सगळं गाव निघालं. पोरं तेवढी मागे ठेवली. वाटेत नेहमीप्रमाणे जाणती माणसं हुरवीबद्दल बोलत होती, म्हणजे ज्याला सगळं माहीत आहे त्यालाच पुन्हा सांगत होती. की ती पुढचे दोन पाय छातीशी दुमडून ठेवते, चालताना टेकवत नाही, ते फक्त धरायला. की चालायला मागचे चार तिला पुरतात. की तिला धुराची भीती नाही आणि आगीची थोडीच आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे ओल्हमचं पोर चालायच्या आधी शिकतं: घुमते ती आई, गप्प ती हुरवी.

हुरवी पाजताना घुमते. नाकातून एक जाडसर, संथ आवाज काढते, जात्यासारखा. तो चालू आहे तोवर तिचं सगळं लक्ष पिल्लांवर असतं, आणि ती कुणाला काही करत नाही. तो थांबला की तिने तुम्हाला पाहिलेलं असतं. भाला मारायचा तो घुमणं चालू असताना. थांबल्यावर मारायला कुणाला वेळ मिळालेला नाही.

काळ्या सुळक्याखाली सगळे थांबले. गुहेचं तोंड एका माणसाला पोटावर सरकता येईल एवढंच. आतून घुमण्याचा आवाज येत होता, इतका गोड की उभ्या उभ्या पेंग यावी. जाळी ताणली गेली. तेमोने जोडे काढले, अंगरखा काढला, अंगाला राख फासली. मग ओदवपाशी गेला आणि पायाला हात लावला. सिहानेकडे तो आलाच नाही. नुसतं लांबून तिच्याकडे पाहून मान हलवली, बाजाराला निघालेला माणूस घरच्यांना हलवतो तशी, आणि आत शिरला. आधी डोकं, मग खांदे, मग भेगाळलेल्या टाचा. टाचा दिसेनाशा झाल्या.

तेव्हा सिहानेला कळलं की आता ओरडताही येणार नाही. ओरडली तर घुमणं थांबणार.

इतके दिवस तोंड उघडायला मोकळं होतं आणि ते तिने बंद ठेवलं. आता उघडायचं होतं, तर उघडलं की तेमो मेला. हे सगळं तिच्या मनात यायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात तिचे हात जोडे काढून मोकळे झाले होते. शेजारच्या माणसाने तिचं मनगट धरलं. तो कुजबुजला, "तुम्ही नाही जायचं, बाई. शब्द तुमचा आहे." तिने त्याच्या हाताला कडकडून चावा घेतला. तो बिचारा ओरडला नाही, हे त्याचे उपकार. ती गुहेत शिरली.

आत काळोख होता आणि ऊब होती. आंबलेल्या दुधाचा आणि ओल्या केसांचा वास येत होता. दगड कोपरांना सोलत होते. पुढे कुठेतरी जातं फिरत होतं, घर्र, घर्र. ती हाताने चाचपत सरकत राहिली आणि एकदम तिच्या बोटांना टाच लागली. तिने ती घट्ट धरली. टाच थरारली, पण तेमोने हूं की चूं केलं नाही. इथे वाट थोडी रुंदावली होती, म्हणून ती त्याच्या अंगाच्या कडेने जेवढं घुसता येईल तेवढी घुसली आणि तिचं तोंड त्याच्या खांद्यापाशी आलं.

वरच्या फटीतून पिवळा उजेड पडत होता आणि त्यात हुरवी दिसत होती. दोन माणसं डोक्याला पाय लावून झोपावीत एवढी लांब, पण अंगाने सडपातळ. कुशीवर पडलेली, डोळे अर्धे मिटलेले, पोटाशी पाच पिल्लं एकमेकांना ढुशा देत चोखत होती. तेमोचा भाला तिच्या कंठापासून हातभरावर होता.

"मारू नका," सिहाने त्याच्या कानाला ओठ लावून म्हणाली. "तिने नेला नाही त्यांना. ते आपल्या पायाने गेले. खिंडीपलीकडे. मी खोटं बोलले. मागे सरका."

तेमोने भाल्याचं टोक तसंच धरून ठेवलं. मग तितक्याच बारीक आवाजात म्हणाला, "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"दादा गेला ते. मीच खिंडीपर्यंत पोचवलं त्याला. वड्यांची पिशवी मी उचलली होती. म्हणाला, चार दिवस बोलू नकोस. मी खाली येऊन मागे उभा राहतो तोवर तुमचा शब्द देऊन झाला होता."

सिहानेला आपल्या कानांवर विश्वास बसेना. तिला त्या गुहेत, त्या जनावरासमोर, आयुष्यात आला नव्हता एवढा संताप आला.

"मग इथे मरायला का आलास, मूर्खा?" लग्न झाल्यापासून तिने दिराला 'अरे-तुरे' केलं नव्हतं.

"मग काय करायचं होतं? घरच्या बाईला गावासमोर खोटं पाडायचं?"

"पाडायचं! पाडायचं होतं!"

तिचा आवाज चढला. थोडासाच, पण चढला. आणि जातं थांबलं.

दोघंही दगड झाले. हुरवीचे डोळे पूर्ण उघडले होते. त्यांत राग नव्हता, भूकही नव्हती, नुसतं लक्ष होतं, आणि तेच फार वाईट. चोखण्याचा चुटचुट आवाज तेवढा चालू होता. सिहानेच्या मनात बोरूल आला नाही, गुम्का आली नाही. निव्हीच्या ओठांवरची राख आता कोण पुसणार, एवढंच आलं.

एका पिल्लाने आचळ सोडलं. ते लडबडत, अंदाज घेत तेमोच्या हाताशी आलं, राखेचा वास घेतला आणि शिंकलं. तेमोने श्वाससुद्धा घेतला नाही. हुरवीने छातीशी दुमडलेला एक पाय उलगडला. तो येत राहिला, येतच राहिला, सिहानेच्या कपाळावरून गार नखं जेमतेम न लागता पुढे गेली आणि पिल्लाला मानेत धरून माघारी घेऊन आली. पिल्लू कुरकुरलं आणि परत आचळाला लागलं.

मग घर्र. आणि पुन्हा, घर्र.

पोट भरलेलं असावं तिचं. दुसरं काही कारण सांगता येत नाही, आणि ओल्हममध्ये कुणी सांगतही नाही. ती दोघं मागे सरकत निघाली. भाला तेमोने तिथेच सोडला, कारण तो ओढला असता तर दगडावर वाजला असता.

आधी सिहानेचे पाय बाहेर आले, मग ती, मग तेमो. जाळी धरलेली माणसं तोंडं उघडी टाकून बघत राहिली. रक्त नाही, भाला नाही, आणि दोघंही धडधाकट. ओदव काठी टेकत पुढे आला. म्हातारा रागाने पांढरा पडला होता.

"काय चाललंय हे? शब्द देणारी आत जाते? हा भाला टाकून येतो? उद्यापासून चालीरीती लोऱ्यांना विचारायच्या का आपण?"

"शब्द चुकला, ओदवबाबा," सिहाने म्हणाली. कोपरांतून रक्त गळत होतं, ते तिने लुगड्याला पुसलं. "मला फिरवायचा आहे."

"इथे?"

"इथेच. सगळे आहेत."

ओदवने सगळ्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "कोणता शब्द, बाई?"

तेमो मध्ये पडला. "वहिनी, मी सांगतो—"

"तू गप्प बस," सिहाने म्हणाली. मग मोठ्याने म्हणाली, "गेला."

कुणाला नीट कळलं नाही. लोकांना वाटलं मेला म्हणते आहे. गुम्का गर्दीतून पुढे आली. आज पहिल्यांदा तिच्या आवाजात टोमणा नव्हता, खरोखरचा प्रश्न होता.

"गेला म्हणजे... पायाने?"

"पायाने. नवे जोडे घालून. मीठवाल्यांच्या मागे. मला लाज वाटली म्हणून मी नेला म्हणाले. आता काय हसायचं ते हसा. पण त्या हुरवीने काही केलेलं नाही. तिच्यावर आळ मी घेतला."

मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. "जोडे चावत नव्हते वाटतं!" दुसऱ्याने म्हटलं, "त्याला बायकोच्या चावण्याची सवय झाली होती." ज्याला तिने चावलं होतं तो माणूस हात वर करून म्हणाला, "चावण्याचं मला विचारा!" आणि मग सगळा डोंगर हसायला लागला. जीव भांड्यात पडल्यावर माणसं हसतात तसं, पण हसणं ते हसणंच. सिहाने उभी राहून ऐकत होती. अंगाला झोंबत होतं, कान तापले होते. एकट्या ओदवला हसू आलं नाही. तो म्हणाला, "पिल्लांची आई मारली असती आपण. आणि हा पोरगा अर्धा परत आला असता. हसा लेको." त्यावर हसणं ओसरलं. जाळी गुंडाळली गेली आणि गाव परत निघालं.

वाटेत तेमो तिच्यामागून चालत होता. तो म्हणाला, "मघाशी अरे म्हणालात मला."

"पुन्हा म्हणेन," ती म्हणाली. "पुन्हा असा शहाणपणा केलास तर."

घरी निव्ही उंबऱ्यावर बसून होती. ओठांवर राख, हात मांडीवर, जशी सकाळी सोडली होती तशी. आईच्या कोपरांकडे आणि काकाच्या रिकाम्या हातांकडे तिने पाहिलं आणि तिचे डोळे भरले, पण बोलली नाही. शिकार झाली की नाही हे कुणी सांगितल्याशिवाय बोलायचं नव्हतं.

सिहाने तिच्यासमोर खाली बसली. गावाला सांगताना जेवढं जड गेलं नव्हतं तेवढं आता जात होतं. ओचा ओला करून तिने निव्हीच्या ओठांवरची राख पुसली.

"निव्ही, ऐक. तुझ्या बाबाला हुरवीने नेलं नाही. मी खोटं सांगितलं होतं सगळ्यांना. तुलासुद्धा. तो खिंडीपलीकडे गेलाय. आपल्याला सोडून गेलाय."

पोरगी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. ओठ हलले, पण इतके दिवस न वापरलेला आवाज पटकन निघेना. दोनदा खाकरली.

"मेला नाही?"

"नाही."

"चालतोय? जेवतोय?"

"जेवत असेल. आपल्याच वड्या."

निव्ही उठली. तिने आईला मिठी मारली नाही की काही विचारलं नाही. ती अंगणातून सुसाट धावली, कुंपणावरून उडी मारून थेट गुम्काच्या दारात, आणि फुटक्या, घोगऱ्या आवाजात ओरडली, "गुम्काकाकी! माझा बाबा जिवंत आहे! तो नुसता गेलाय!"

तिथून पुढच्या घरी. मग त्याच्या पुढच्या. "माझा बाबा जिवंत आहे! नवे जोडे घालून गेलाय!" जोड्यांचं तिला वाटेत कुणीतरी सांगितलं असावं. प्रत्येक दारात ती तेच सांगत होती, ढांगा टाकत, नाचत, गावातल्या शेवटच्या घरापर्यंत.

तिला थांबवायला म्हणून सिहाने उठली होती. अंगणाच्या मध्यापर्यंत गेली आणि उभी राहिली. इतके दिवस आपण आपली लाज झाकत होतो आणि या पोरीचा बाप मारून बसलो होतो, हे तिला आता कळत होतं. पलीकडे गुम्का दारात उभी होती, हातात पळी, तोंड उघडं. तिची आणि सिहानेची नजरानजर झाली. गुम्का काहीतरी बोलणार होती. पण खालच्या आळीतून निव्हीचा आवाज पुन्हा वर आला, आणि गुम्काने पळी खाली केली.

"हो गं, पोरी," ती त्या दिशेला ओरडून म्हणाली. "ऐकलं. फार बरं झालं."